आत्या दुपारी येते

१

दुपारचं जेवण उरकलं, बाबांना गोळ्या दिल्या आणि त्यांचा डोळा लागला, की मी कपाटात जाऊन बसायचे.

खरंच कपाटात. आतल्या खोलीच्या भिंतीत माणूस उभा राहील एवढं जुनं कपाट आहे. त्याच्या फळ्या काढून टाकल्या, तिन्ही बाजूंना रजया टांगल्या, एक स्टूल, एक दिवा आणि माइक ठेवला, की झाला माझा स्टुडिओ. माझं काम पुस्तकं वाचायचं. मोठ्याने, दुसऱ्यांसाठी. ज्यांचे डोळे साथ देत नाहीत, ज्यांना भांडी घासताना किंवा गाडी चालवताना गोष्ट ऐकायची असते, त्यांच्या कानात मी तासन्‌तास बोलत असते आणि त्यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही.

त्या वर्षी आमच्या संस्थेने लेखकांच्या सगळ्या कादंबऱ्या माझ्या आवाजात करायचं ठरवलं होतं. आमच्या घरात त्यांना नुसतं ‘लेखक’ म्हणायची पद्धत होती. बाकीच्या लेखकांना नावं होती. लेखक म्हणजे हेच. संस्थेने वाचकांना विचारलं होतं, यांच्या पुस्तकांतलं तुमचं सगळ्यात लाडकं माणूस कोण? आमच्याकडे तर या प्रश्नावरून मी शाळेत असल्यापासून भांडणं होत आली आहेत. बाबांचा लाडका तो तोतरा वकील, जो आरशासमोर जोरदार युक्तिवाद करतो आणि कोर्टात नेमका ‘म’वर अडकतो. दादाची लाडकी ती चोरटी पोरगी, जी फक्त किल्ल्या चोरते, कुलपांच्या मागे काय आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं.

माझी लाडकी आत्या. आणि वाचकांचीही तीच निघाली. बाकीचे कुठच्या कुठे मागे राहिले.

आत्या कुठल्याच कादंबरीत मुख्य नाही. प्रत्येकीत येते, दोन-चार पानं राहते आणि जाते. कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं, घरचं माणूस जागून जागून अर्धं झालेलं असतं. दारावर थाप पडते. ही आत येते, पलंगाशेजारी खुर्ची ओढते, पिशवीतून सुया आणि लोकर काढते आणि त्या थकलेल्या माणसाला म्हणते, “तू जा, मी थांबते.” कोणाची आत्या, कुठून आली, कोणी विचारत नाही. थकलेलं माणूस झोपून उठतं, तोवर आजारी माणूस गेलेलं असतं. पण एकटं गेलेलं नसतं. आत्या लोकर गुंडाळते आणि निघते. एवढंच.

आई गेली तेव्हा मी परीक्षेसाठी दुसऱ्या गावी होते. तिच्याजवळ शेवटी कोण होतं, हे मला कोणी नीट सांगू शकलं नाही. नर्स असेल, नाहीतर कोणीच नसेल. मी ती पानं इतक्यांदा वाचली की कडा कापडासारख्या मऊ झाल्या, आणि मनातल्या मनात आईच्या पलंगाशी मी आत्याला बसवून टाकलं. त्याशिवाय मला झोपच आली नसती.

आता बाबा आजारी होते. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, न्यूमोनियाने पार खाली आणला होता. हॉस्पिटलमधून घरी आणून मी त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ लावला होता. ते झोपले की मी आत, कपाटात. मध्ये एक अरुंद बोळ आणि दोन बंद दारं.

२

संस्थेत आवाज साफ करणारा एक जण आहे, त्याला सगळे ‘कान’ म्हणतात. मी घरून पाठवलेलं सगळं आधी तो ऐकतो. माझ्या घशात कफ आहे हे मला कळायच्या आधी त्याला कळतं.

त्याचा फोन आला. “ताई, खोलीत घड्याळ ठेवलंयस का?”

“नाही रे.”

“हातात?”

“काढून बाहेर ठेवते. आज काम करतेय का मी?”

“मग काहीतरी टिकटिकतंय. बारीक, धातूचं. तुझ्या आवाजाच्या मागे.”

मी हेडफोन लावून ऐकलं. आधी काहीच नाही. मग ऐकू आलं, आणि एकदा आलं ते आलंच. टिक्. टिक्. मध्ये काहीतरी घासल्यासारखं, परत टिक्. फ्रिज बंद करून पाहिला. गळणाऱ्या नळाला फडकं बांधलं. वरच्या मजल्यावर जाऊन विचारून आले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, “दुपारी आमच्याकडे घरात चिटपाखरू नसतं, मीच आज रजेवर आहे म्हणून भेटले.” दिव्याचा स्क्रू आवळला, स्टुलाचे पाय तपासले. पुढच्या ध्वनिमुद्रणातही तो आवाज होताच.

“घड्याळ नव्हे गं हे,” कान म्हणाला. “घड्याळ आपल्या नादात चालतं. हे थांबतं.”

“कधी थांबतं?”

तो जरा घुटमळला. “हसू नकोस हं. तू एखाद्या शब्दाला अडखळतेस, मागून परत वाचतेस, तिथे थांबतं. तू वाक्य धड वाचलंस की परत सुरू.”

“म्हणजे?”

“म्हणजे बघ ना... कोणी हातातलं काम करत ऐकतंय आणि तू चुकलीस की मान वर करून बघतंय, तसं.” मग त्याला स्वतःचंच कसंतरी वाटलं असावं. “उंदीर असेल. साहित्यप्रेमी.”

आम्ही दोघंही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मला कपाटाचं दार उघडावंसं वाटेना. घसा दुखतोय, असं मी स्वतःला सांगितलं, आणि स्वतःचं ऐकलंही.

३

खुर्चीचं माझ्या लक्षात आलं ते त्याच सुमाराला.

जेवणाच्या टेबलाची खुर्ची, लाकडी, चांगली जड. मी तिच्यावर बसून बाबांना जेवू घालायचे आणि मग ती परत टेबलाशी नेऊन ठेवायचे, कारण बोळातून जाताना ती पायात येते. पण दुपारचं वाचन संपवून बाहेर आले की खुर्ची पलंगाशेजारी. उशीपासून हातभर अंतरावर, जरा तिरकी, खिडकीचा उजेड मांडीवर पडावा अशी. मीच विसरले असेन, असं पहिल्यांदा वाटलं. दुसऱ्यांदाही वाटलं. पुढे मी ती टेबलाशी ठेवून, मागे वळून खात्री करून आत जायला लागले. तरी तेच. बाबांना तर पाण्याचा पेला उचलताना हात कापायचा.

एका संध्याकाळी मी त्यांच्या उशीचा अभ्रा बदलत होते. बाबा म्हणाले, “त्यांना चहा विचारत जा गं. बरं दिसत नाही.”

“कोणाला?”

“त्या बाईंना. दुपारी येतात त्या.”

“बाबा, दुपारी कोणी येत नाही. मी असते आत.”

“तू आत असतेस म्हणूनच तर त्या बाहेर असतात,” ते म्हणाले. मी अगदी साधी गोष्ट समजून घेत नाहीये, असा त्यांचा सूर होता. “फार बोलत नाहीत. विणत असतात.”

अभ्रा माझ्या हातात तसाच राहिला.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी तपासायला आल्या, तेव्हा मी त्यांना बोळात गाठून हे सांगितलं. त्यांना काही विशेष वाटलं नाही. “या वयात ताप डोक्यात भिनतो. माझ्या एका पेशंटला महिनाभर खोलीत घोडा दिसायचा. तुम्ही आत मोठ्याने वाचता ना? भिंतीतून थोडंफार झिरपत असेल. त्यांचं मन त्याचं माणूस करतंय.”

मला हे शंभर टक्के पटलं. तो दिवस मी अगदी हलकी होते. झिरपतंय, बरोबर. सगळं कुठूनतरी कुठेतरी झिरपतच असतं.

रात्रीचं औषध देताना मी गमतीने विचारलं, “काय हो, काय विणतायत तुमच्या बाई?”

“कुणास ठाऊक. लांबच लांब आहे.” बाबांनी गोळी गिळली. “हिरवी लोकर आहे. पाण्याच्या टाकीत शेवाळ धरतं ना, तसल्या रंगाची. मी म्हटलं त्यांना, जरा चांगला रंग घ्यायचा होता. तर हसल्या.”

मी आत गेले आणि सगळ्या कादंबऱ्या खाली काढल्या. आत्याची पानं मला पाठ आहेत, तरी ओळीवर बोट ठेवून वाचली. सुया आहेत, पिशवी आहे, लोकरीचा गुंडा हातातून सुटून पलंगाखाली जातो तेही आहे. लोकरीचा रंग कुठेच नाही.

४

मी वाचन थांबवलं. कानाला कळवलं की घसा बसलाय. तो म्हणाला, “आवाज तर ठणठणीत आहे,” आणि पुढे काही विचारलं नाही.

मला काय वाटत होतं ते सरळच सांगते. आत्यावर माझं एवढं प्रेम, तिच्या भरवशावर मी आईचं जाणं पचवलं, आणि आता ती माझ्या घरात बसलीय असं नुसतं मनात आलं तरी मला ती नकोशी होत होती. कारण तिच्या प्रत्येक पानाचा शेवट मला ठाऊक होता. ती ज्याच्या उशाशी बसते तो पुढच्या प्रकरणात नसतो. पुस्तकात हे वाचताना डोळे भरून येतात. पण बाहेरच्या खोलीत बाबा होते. मला त्यांच्यासाठी चांगलं मरण नको होतं. मला ते हवे होते.

दुपारी मीच त्या खुर्चीवर बसायला लागले. मी बसले तर ती कुठे बसणार, असला पोरकट हिशेब. बाबा झोपायचे, मी त्यांच्या छातीची हालचाल बघत बसायचे. खोलीत काहीही व्हायचं नाही. खिडकीच्या काचेवर माशी आपटायची, खाली कोणीतरी गाडीचं दार लावायचं. तरी मला सारखं वाटायचं, की आपण कोणाची तरी जागा अडवून बसलोय आणि ते माणूस शेजारी उभं राहून, काही न बोलता, आपण उठायची वाट बघतंय. बसमध्ये वाटतं ना, अगदी तसं.

आणि बाबांना परत ताप चढला.

डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं. “उद्या संध्याकाळपर्यंत बघू. उतरला नाही तर दाखल करायचं,” म्हणाल्या, आणि या वेळी घोड्याची गोष्ट वगैरे काही सांगितली नाही. बाबा डोळे मिटून पडले होते. मध्येच म्हणाले, “आज त्या नाही आल्या?”

“नाही येणार आता त्या.”

“का? तू काही बोललीस का त्यांना?”

ते असे दुखावून म्हणाले की मला रडूच फुटलं. मी उठले, खुर्ची फरफटत गॅलरीत नेली, रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि दाराला आतून कडी घातली.

मग दादाला फोन केला. त्याच्या मागे कारखान्याचा खडखडाट चालू होता. “तू शेवटची झोपलीस कधी?” त्याने विचारलं. मला खरंच आठवेना. “वहिनीला पाठवतो,” तो म्हणाला. “तू जरा बाहेर पड. कुठेही जा.”

सकाळी वहिनी आली. पर्स ठेवली, बाह्या वर केल्या, बाबांच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “तू जा, मी थांबते.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वहिनी बिचारी दचकली. “काय गं? काय झालं?”

“काही नाही,” म्हटलं, आणि चपला घातल्या.

५

कुठे जायचं हे मला ठाऊक होतं. एका शब्दाचा उच्चार विचारायला मी लेखकांना मागे फोन केला होता, तेव्हा ते म्हणाले होते, “कधीही या, मी कुठे जातोय!”

दार त्यांच्या सूनबाईंनी उघडलं. फार टापटिपीच्या बाई. मला बसवलं, पाणी दिलं, जाता जाता सासऱ्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली आणि दार लोटून घेतलं. लेखक खिडकीशी बसले होते. फोटोतल्यापेक्षा खूपच लहान. गुडघ्यांवर शाल, पायांत मोजे, दोन्ही हात मांडीवर रिकामे.

मी प्रास्ताविक वगैरे ठरवून गेले होते. ते सगळं विसरले. “तुमच्या आत्या,” मी म्हणाले, “ज्याच्याजवळ बसतात तो जातोच का?”

ते हसतील, नाहीतर सूनबाईंना हाक मारतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “कोणाजवळ बसलीय?”

“माझ्या वडिलांजवळ.”

“लोकर हिरवीच आहे का अजून?”

पेल्यातलं पाणी माझ्या साडीवर सांडलं. “पुस्तकात रंग नाहीये,” मी म्हणाले. 

“नाही लिहिला. म्हटलं, तेवढं तिच्याकडे राहू दे.”

बाहेर सूनबाई कोणालातरी दुधाविषयी काही सांगत होत्या. लेखक बोटांनी शालीची कड चाचपत राहिले.

“अहो, ती कितीतरी जणांजवळ बसायची,” ते म्हणाले. “त्यातले बरेचसे उठले. सूप प्यायले, बायकोशी भांडले, कामाला लागले. त्यांचं मी काय लिहू? बरा झालेला माणूस कादंबरीत नुसता पसारा करून ठेवतो. गेले तेवढ्यांचं लिहिलं. मग लोकांनी ठरवून टाकलं की ती न्यायलाच येते.”

“मग कशाला येतात?”

“तुम्ही तर वाचता मोठ्याने. आल्यावर ती पहिलं कोणाशी बोलते?”

मी आठवून पाहिलं. प्रत्येक कादंबरीत, प्रत्येक वेळी, ती पहिलं बोलते ते दारात उभ्या असलेल्या थकलेल्या माणसाशी.

“झालं तर,” लेखक म्हणाले. “कोण राहणार आणि कोण जाणार, हे तिला कुठलं कळायला? ते मलाही लिहिताना कळायचं नाही.” ते खिडकीबाहेर बघत होते. “इथेही यायची. लिहीत होतो तोवर. आता नाही येत. सूनबाई फार करते माझं, थकत म्हणून नाही. तक्रार नाही माझी. पण सुयांच्या त्या आवाजाची सवय होती.”

मी निघायला उठले. ते म्हणाले, “खुर्ची नाही ना हलवलीत?”

“गॅलरीत ठेवलीय,” मी म्हणाले.

“अहो, ठेवा परत,” ते एकदम कळवळून म्हणाले. “उभी असेल बिचारी.”

६

घरी पोहोचले तेव्हा दुपार कलत नव्हती, नुसती लांबत चालली होती. वहिनी हातात पर्स घेऊनच दारात आली. ताप उतरलेला नव्हता. बदललेल्या औषधाच्या पुढच्या गोळ्या मागवल्या होत्या, त्या दुकानातून कोणी आणून दिल्या नव्हत्या. “मीच जाऊन घेऊन येते,” ती म्हणाली.

“कोणी आलं होतं का?”

“नाही. ते गॅलरीचं दार तेवढं सारखं वाजत होतं. वारा असेल.”

बाहेर वाऱ्याचा मागमूस नव्हता. समोरच्या गच्चीवरचे कपडे खिळे ठोकल्यासारखे सरळ लोंबत होते.

ती गेल्यावर मी गॅलरीची कडी काढली. खुर्ची मी रस्त्याकडे तोंड करून ठेवली होती. ती आता दाराकडे वळलेली होती, काचेला अगदी लागून, आत बघत असल्यासारखी. उचलली तर बैठक गरम. उन्हाने, मी म्हटलं. आणि मग ऊन त्या बाजूला येतच नाही हे माझ्या लक्षात आलं, तरी मी खुर्ची खाली टाकली नाही. आत आणली आणि पलंगाशेजारी ठेवली. उशीपासून हातभर, जरा तिरकी. मला भीती वाटत होती का? वाटत होती. पण लेखकांनी ‘बिचारी’ म्हटलं होतं, आणि त्या एका शब्दाने माझ्या भीतीत कुठेतरी फट पडली होती.

बाबांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. कपाळावर घड्या ठेवायच्या म्हणून मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला, भांडं भरलं, नळ बंद केला.

टिक्. टिक्.

हेडफोन नाही, माइक नाही. माझ्या स्वतःच्या कानांनी. टिक्, मग लोकर सुईवरून सरकल्याचा तो घासल्यासारखा आवाज, परत टिक्. कुठलीही घाई नाही त्यात.

मी बोळात आले. बोळातून बाहेरची खोली सरळ दिसत नाही. समोर बाबांचं लोखंडी कपाट आहे, त्याच्या दाराला आरसा, आणि त्या आरशात पलंगाचा कोपरा तेवढा दिसतो. बाबांचा हात दिसला, चादरीवर उपडा. खुर्चीची पाठ दिसली. आणि पाठीच्या कडेला एक कोपर. राखाडी बाहीतलं, चांगलं जाड, बाईमाणसाचं कोपर. वर-खाली होत होतं. त्याच्या खाली काहीतरी हिरवं, लांबच लांब, जमिनीपर्यंत.

माझ्या हातातलं पाणी हिंदकळलं. कोपर थांबलं.

मी श्वास घेतला नाही. ते माणूस आता वळेल, आरशात तोंड दिसेल, आणि ते तोंड एकदा बघितलं की पुढच्या आयुष्यात दुसरं काही बघता येणार नाही, असं मला वाटलं. मी डोळे मिटून घेतले.

“जा तू,” आवाज आला. “मी आहे.”

वाचताना मी आत्याला गोड, संथ आवाज द्यायचे. हा तसा नव्हता. सर्दी झालेल्या, दिवसभर कामात असलेल्या बाईचा, अगदी घरातला आवाज होता. त्यात दया नव्हती, गूढ काही नव्हतं. भाजी निवडताना कोणी म्हणावं, सरक जरा, तसा.

मी भांडं खाली ठेवलं. बोळाच्या भिंतीला पाठ टेकली. जावं, बघावं, ओरडावं, बाबांना हलवावं, सगळं मनात आलं. पाय आधीच दुमडले होते. परत टिक् सुरू झालं, आणि त्या आवाजात मी झोपले. इतके दिवस कोणी माझ्या पापण्यांना टाचण्या लावून ठेवल्या होत्या आणि त्या आता काढल्या, तशी झोपले.

७

“अगं, अशी जमिनीवर काय?” वहिनी माझा खांदा हलवत होती. औषधाच्या दुकानात रांग होती म्हणून तिला उशीर झाला होता. बोळात संध्याकाळचा पिवळा उजेड आला होता. मी धडपडत उठले आणि बाहेरच्या खोलीत धावले.

बाबा उशीला टेकून बसले होते. सदरा घामाने ओलाचिंब, केस कपाळाला चिकटलेले, आणि चेहऱ्यावर अशी आठी, जशी बंद पडलेल्या लिफ्टसमोर उभं राहिल्यावर यायची.

“या घरात,” ते म्हणाले, “आजारी माणसाला खायला द्यायची पद्धत आहे का नाही?”

मी त्यांच्या कपाळाला हात लावला. गार. गालाला लावला, मानेला लावला, मग परत कपाळाला. “अगं, किती वेळा बघशील,” ते म्हणाले, पण हात काढू दिला नाही.

“त्या गेल्या?” मी हळूच विचारलं.

“गेल्या मघाशीच. लोकर गुंडाळली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, बरं आहे तुमचं. मला कळेना, हा रोग बरा आहे म्हणतात की मी.”

खुर्ची जेवणाच्या टेबलाशी होती. वहिनी म्हणाली, “मी नाही हं ठेवली.” मी म्हटलं, “मी ठेवली.” तिला उगाच कशाला.

नंतरच्या दिवसांत बाबा भराभर सुधारले. डॉक्टरीणबाई छाती तपासून म्हणाल्या, औषध लागू पडलं. पडलंच असेल, त्यांच्या औषधावर माझा राग नाही. मी परत कपाटात बसायला लागले, कानाने सगळं ऐकून कळवलं की आता मागे काही नाही, एकदम स्वच्छ. “उंदीर गेला वाटतं,” तो म्हणाला. मी हो म्हटलं. आत्याचं शेवटचं प्रकरण वाचताना मी तिला तो सर्दीचा आवाज दिला. कान म्हणाला, हा कुठून आणलास, हाच बरोबर आहे.

मग एके दिवशी लेखकांच्या सूनबाईंचा फोन आला. त्यांना स्वतःला बरं नव्हतं, कंबर धरली होती, जास्त उभं राहवत नव्हतं. “तुमची आठवण काढतायत,” त्या म्हणाल्या. “फार खुशीत आहेत दोन दिवस. पलंगाशी खुर्ची ठेवायला लावलीय आणि तिच्यावर कोणाला बसू देत नाहीत. तुम्हाला तेवढं कळवायला सांगितलंय. तुम्हाला कळेल म्हणाले.”

“त्यांची तब्येत?”

“अगदी छान. मीच आपली दुपारभर झोपून असते हल्ली. कशी झोप लागते, कळतच नाही.”

मी बाबांना हे सांगितलं. ते उशी सारखी करत उठून बसले. मग म्हणाले, “बरं झालं. त्या सूनबाईंनाही जरा पाठ टेकायला मिळेल.” आणि चादर बाजूला करून पाय खाली सोडले. “चल, मला खाली ने. ऊन खाऊ.”

आम्ही लिफ्टने उतरलो. उतरताना त्यांनी लिफ्टच्या खडखडाटाबद्दल दोन-तीन वाईट शब्द काढले. खाली बाकावर त्यांचे जुने सोबती बसले होते, निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्यापाशी लेखकांचं नाव निघालं, लाडक्या माणसांचं मतदान निघालं, आणि ड्रायव्हर म्हणाले की तोतरा वकील म्हणजे नुसता विदूषक, त्यात लाडकं काय आहे. बाबांनी काठी जमिनीवर आपटली. “विदूषक? तुम्ही ते कोर्टातलं पान वाचलंय का नीट? वाचलंय का?” त्यांचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला, कोणीतरी खिडकीतून डोकावून पाहिलं.

गॅसवर सूप ठेवायचं होतं. चारची गोळी द्यायची होती. पण भांडण चांगलंच रंगात आलं होतं, बाबांचे कान लाल झाले होते. मी बाकाच्या टोकाला जागा करून बसले आणि पाय उन्हात पसरले.